नको असलेला किताब

नमस्कार श्रोतेहो. आज आपण जायचंय इंग्लंडात, बेन घराण्याकडे. लॉर्ड, ड्यूक, अर्ल असले किताब मिळावेत म्हणून तिथे लोकांनी काय काय केलं याच्या गोष्टी खूप आहेत, पण आलेला किताब परत द्यायला टोनी बेन नावाचा एक माणूस जवळजवळ तीन वर्षं भांडला, त्याची गोष्ट मला जास्त आवडते, म्हणून आज तीच.

आधी थोडं नियमाचं. किताबांच्या पाच पायऱ्या, खालून बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस आणि सगळ्यात वर ड्यूक. बाप गेला की किताब बहुतेक घराण्यांत थोरल्या मुलाकडे, मुलगी कितीही कर्तबगार असली तरी तिला नाही (आणि हे अजूनही चालतं बरं का, एवढ्या सुधारलेल्या देशात!). आता यातली मेख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: त्या काळी, म्हणजे १९६० च्या आसपास, किताब आला की तो माणूस हाऊस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचा व्हायचा, आणि लॉर्ड्सचा झाला की लोकांनी निवडून दिलेल्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये त्याला बसता यायचं नाही. नको म्हणायची सोयच नव्हती. विचारत नव्हतं कोणी.

विल्यम वेजवूड बेन हे मजूर पक्षाचे पुढारी. आपल्याकडे त्यांचं नाव १९२९ ते ३१ या काळातले भारतमंत्री म्हणून येतं, म्हणजे १९३० साली डॉ. आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेला लंडनला गेले तेव्हा भारताचा कारभार याच बेनसाहेबांकडे होता. १९४२ साली, युद्ध चालू असताना, लॉर्ड्समध्ये मजूर पक्षाची माणसं कमी पडत होती म्हणून त्यांना व्हायकाउंट स्टॅन्सगेट केलं. स्टॅन्सगेट हे एसेक्समधलं गाव, तिथे त्यांचं घर होतं. किताब घ्यायच्या आधी त्यांनी थोरल्या मायकेलला विचारलं, तो धर्मोपदेशक होणार होता, त्याची काही हरकत नव्हती. धाकट्या टोनीला विचारायचं कारणच नव्हतं. आणि १९४४ ला मायकेल विमान अपघातात गेला.

झालं, किताबाचा वारस आता टोनी. १९५० पासून तो ब्रिस्टल साउथ ईस्टचा खासदार, बोलायला पक्का, दारूला शिवायचा नाही आणि चहा मात्र दिवसभर. (इंग्रज चहा उकळतच नाहीत, पानांवर नुसतं गरम पाणी ओततात, त्याला मी तरी चहा म्हणणार नाही, पण असो.) वडील असतानाच त्याने किताबातून सुटायचे प्रयत्न केले, संसदेने दाद दिली नाही. १७ नोव्हेंबर १९६० ला वडील गेले आणि दहा वर्षं निवडून येणारा हा माणूस त्या क्षणी व्हायकाउंट झाला. कॉमन्सची जागा गेली.

आता खरी गंमत. जागा रिकामी म्हणून ब्रिस्टलला पोटनिवडणूक लागली, आणि उभा कोण राहिला? हाच टोनी बेन! विरोधात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे माल्कम सेंट क्लेअर, आणि ऐका हं, ते स्वतःसुद्धा एका लॉर्डच्या किताबाचे वारस. लोकांना बजावून सांगितलं गेलं की बेन अपात्र आहे, त्याला दिलेलं मत वाया जाईल. दुसऱ्या पक्षाचे म्हातारे चर्चिलसुद्धा या बाबतीत बेनच्या बाजूने, त्यांनी पाठिंब्याचं पत्र दिलं. ४ मे १९६१ ला मतदान झालं. बेनला २३,२७५ मतं, सेंट क्लेअरना १०,२३१. तेरा हजारांवर फरक! म्हणजे मत वाया जाणार हे माहीत असून लोकांनी ते दिलं.

चार दिवसांनी टोनीसाहेब संसदेत गेले, तर दारातच रखवालदाराने अडवलं. आत सोडायचं नाही असा स्पीकरचा हुकूम. निवडून आलेला माणूस बाहेर उभा आणि आत त्याच्यावरच चर्चा! त्याला आत घ्यावं की नाही यावर सभागृहाने मतदान केलं आणि नाही म्हणून टाकलं. मग प्रकरण निवडणूक न्यायालयात. दोन न्यायाधीश, आणि बेनची बाजू मांडायला स्वतः बेनच. जुलैत निकाल लागला की कायदा म्हणजे कायदा, बेन लॉर्ड आहेत, सबब निवडून आले सेंट क्लेअर. तेरा हजारांनी हरलेला माणूस खासदार. पुन्हा सांगतो, हरलेला माणूस खासदार!

आता मात्र सरकारलाच ओशाळल्यासारखं झालं. समिती बसली, विधेयक आलं, आणि ३१ जुलै १९६३ ला संध्याकाळी सहाच्या सुमारास राणीची मंजुरी मिळाली. सहा वाजून बावीस मिनिटांनी बेनने किताब सोडला, त्या कायद्याखाली किताब सोडणारा पहिला माणूस. सेंट क्लेअरनी आधीच शब्द दिला होता की कायदा बदलला तर मी जागा सोडीन, आणि सोडली हो! असा शब्द पाळणारा राजकारणी दिसला की पक्ष कुठला ते मी बघत नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा निवडणूक आणि बेन पुन्हा कॉमन्समध्ये.

वेळ थोडा उरलाय म्हणून भरभर सांगतो. याच कायद्याचा फायदा घेऊन ऑक्टोबरमध्ये चौदावे अर्ल ऑफ होम पंतप्रधान झाले आणि चारच दिवसांत त्यांनी किताब सोडला, म्हणजे मजूरवाल्याने लावलेल्या झाडाचं पहिलं मोठं फळ कॉन्झर्व्हेटिव्हांनी खाल्लं. आणि हयातीपुरता किताब द्यायचा कायदा १९५८ मध्येच आला होता, तो १९४२ ला असता तर हे रामायण घडलंच नसतं.

एक गोष्ट राहिली. किताब सोडता येतो तो फक्त आपल्या हयातीपुरता, वारसाचा हक्क जात नाही. टोनी बेन २०१४ मध्ये वारले आणि थोरला मुलगा स्टीफन तिसरा व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाला. त्याने काही तो सोडला नाही, उलट २०२१ मध्ये लॉर्ड्समध्ये निवडून गेला (१९९९ पासून किताब आला की आपोआप लॉर्ड्समध्ये जागा मिळणं बंद झालं होतं, वंशपरंपरेच्या किताबवाल्यांसाठी थोड्या राखीव जागा उरल्या होत्या, त्यातली ही एक). आणि धाकटा भाऊ हिलरी त्या वेळी कॉमन्समध्ये खासदार.