चंद्रभागा, पाचशे रुपये आणि सेलाडॉर

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक खुलासा करतो, बाहेर फळ्यावर आजचा विषय 'शेला-दोर' असा लिहिलाय. लिहिणाऱ्याचा दोष नाही, फोनवर मीच घाईत सांगितलं होतं. पण त्यामुळे पहिल्या दोन रांगांत ज्या ताई हातमागाचं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून बसल्यात त्यांची आधीच माफी मागतो, दार उघडं आहे, मी वाईट वाटून घेणार नाही. विषय सेलाडॉर. इंग्लंडमधली टीव्हीचे कार्यक्रम बनवणारी कंपनी. नाव ऐकलेले किती जण आहेत इथे? एक. तुम्ही माझे मेहुणे आहात, तुमचा हात धरत नाही.

आता दुसरा प्रश्न, 'कौन बनेगा करोडपती' बघितलेले किती? बघा, सगळे. म्हणजे सेलाडॉरचं अन्न सगळ्यांनी खाल्लंय, आचारी कुणालाच माहीत नाही. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली आणि तेवढीच वर्षं क्विझच्या नादात घालवली, घरचे म्हणतात दोन्हीतून काही शिल्लक पडली नाही, तर माझा एक हट्ट आहे तो आज तुमच्यापुढे मांडायचाय. हट्ट असा की त्या खेळात पैसा ही गोष्ट दुय्यम होती. पण ते नंतर. आधी गणपती.

साल २०००. तीन जुलैला करोडपती सुरू झालं, रात्री नऊला रस्ते ओस. एक सप्टेंबरला गणपती बसले आणि आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलं की यंदा संगीत खुर्ची नाही, 'कोण होणार हजारपती'. वर्गणीतून हजार रुपये बाजूला काढले. अमिताभ मी. का, तर उंची नाही पण प्रश्न माझ्याकडे होते. कंप्युटरजी म्हणून शेजारचा आठवीतला पोरगा पडद्यामागे पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन. भजनी मंडळाची पेटी म्युझिकला, आणि लाइट इफेक्टसाठी मांडववाल्याचा वायरमन. त्याला मी सांगितलं, प्रश्न विचारला की हळूहळू अंधार कर. त्याच्याकडे हळूहळू हा प्रकारच नव्हता, एकच मेन स्विच. त्याने तो पाडला. मांडव, रस्ता, बाप्पा, सगळं गुडुप, वर बायाबापड्यांचा आरडाओरडा आणि पेटीवाले बुवा अंधारात पण वाजवतायत, कारण त्यांना सांगितलंच होतं की काहीही झालं तरी थांबायचं नाही.

तर हॉट सीटवर, म्हणजे कॅटररच्या लाल खुर्चीवर, आमच्या गिरणीवाल्या काकू. काकू हुशार बाई, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायच्या. अडीचशेपर्यंत सहज आल्या. पाचशेचा प्रश्न, पंढरपूर कोणत्या नदीकाठी आहे. पर्याय ए, नीरा. बी, भीमा. सी, चंद्रभागा. डी, कृष्णा. हसू नका, कळलं ना तुम्हाला? मला नव्हतं कळलं. आदल्या रात्री दीड वाजता काढलेला प्रश्न होता, चौथा पर्याय सुचेना म्हणून भीमा टाकली. काकू म्हणाल्या फोन लावायचाय. फोन म्हणजे समोरचा एसटीडी बूथ, तिथून वायर येणार नाही म्हणून पोरगा रस्ता ओलांडून प्रश्न सांगायला धावला, पलीकडे काकूंचे भाऊ जेवत होते, ते म्हणाले जेवण झाल्यावर सांगतो. इकडे अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, आरती खोळंबलीय, मागून पोरं ओरडतायत चंद्रभागा चंद्रभागा, आणि काकूंनी ठामपणे सांगितलं, भीमा, लॉक करा.

माझ्या पुठ्ठ्यावर उत्तर सी. मी म्हणालो, चूक. आणि पुढचा पाऊण तास, मंडळी, पुढचा पाऊण तास मी जे ऐकलं ते इथे ग्रंथदेवतेसमोर सांगता येणार नाही. भीमाच पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, नदी एकच. एका वारकरी आजोबांनी माझ्या हातातला माइक घेऊन हे समजावलं. आरती अकराला झाली. शेवटी अडीचशे काकूंना आणि अडीचशे दानपेटीत असा निवाडा झाला, तो त्यांनी आजतागायत मान्य केलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल याचा इंग्लंडशी काय संबंध. आहे. तेव्हा मला वाटायचं आपण करोडपतीची नक्कल केली, फक्त चार शून्यं कमी. खूप वर्षांनी सेलाडॉरबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं की आम्ही नेमकं जे उचलायला हवं होतं तेच सोडून बाकी सगळं उचललं होतं.

कंपनी सुरू झाली १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, पॉल स्मिथ नावाच्या निर्मात्याने काढली. कपड्यांवाला पॉल स्मिथ वेगळा, घोटाळा करू नका. जॅस्पर कॅरट हा बर्मिंगहॅमचा विनोदवीर कंपनीत भागीदार. पहिली बरीच वर्षं कॅरटचे विनोदी कार्यक्रम, 'द डिटेक्टिव्हज' ही दोन बावळट पोलिसांची मालिका, असं बरं चाललेलं. त्या विनोदाचे लेखक होते स्टीव्हन नाइट आणि माइक व्हाइटहिल. हा नाइट पुढे 'पीकी ब्लाइंडर्स' लिहिणारा बरं का, आमच्या नातवाला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्याने मोबाइल खाली ठेवला. या दोघांना येऊन मिळाला डेव्हिड ब्रिग्ज. तो कॅपिटल रेडिओवर क्रिस टॅरंटच्या शोसाठी फोनवरच्या स्पर्धा काढायचा. फोनवर माणूस, समोर बक्षीस, आणि घेतोस की सोडतोस. खेळाचं मूळ ते. पहिलं नाव होतं 'कॅश माउंटन', पैशाचा डोंगर. बक्षिसाचे पैसे कुठून आणायचे, तर भाग घ्यायला फोन करणाऱ्यांकडून, जादा दराचा कॉल. म्हणजे आमच्यासारखीच वर्गणी, फक्त पावती न फाडता.

आयटीव्ही या ब्रिटिश चॅनेलचे साहेब तयार होईनात. एवढे पैसे वाटायचे? तेव्हा पॉल स्मिथने डेव्हिड लिडिमेंट या तिथल्या मोठ्या अधिकाऱ्याला तोंडी समजावत बसण्यापेक्षा सरळ खेळायलाच बसवलं, खरे पैसे लावून. नोटा समोर असल्या की साहेबाच्या पण कपाळाला घाम येतो. ४ सप्टेंबर १९९८ ला 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर', म्हणजे आपल्या करोडपतीचं मूळ, लागलं, यजमान तोच टॅरंट.

आता माझा हट्ट. त्याआधीची बहुतेक क्विझ घड्याळावर चालायची, बझर दाबा, पटकन बोला. यांनी खुर्चीत बसलेल्या माणसाचं घड्याळच काढून टाकलं. लागेल तेवढा विचार कर. प्रश्न आधी बघ, चारही पर्याय बघ, आणि मग वाटलं तर उठून जा, मिळालेले पैसे घेऊन. ही जी सवलत आहे ना, ती दिसायला दयाळू आणि आतून अत्यंत दुष्ट आहे. कारण मग प्रश्न नदीचा राहतच नाही. प्रश्न असा होतो, की तुला जे माहीत आहे असं तुला वाटतं त्यावर तू घर लावशील का? घरी बसलेला माणूस ओरडतो, अरे सी आहे सी, पण त्याला काही गमवायचं नसतं. माझे वडील रोज करोडपती व्हायचे.

आणि ती शांतता टिकवायला बाकीची सगळी यंत्रणा. मोठ्या प्रश्नांना दिवे खाली उतरत येतात, उतरत, आमच्यासारखे जात नाहीत. कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या बापलेकांचं संगीत पुढच्या प्रश्नाला अर्धा स्वर चढतं, आपल्याला कळत पण नाही, नुसती छाती भरून येते. पायाखाली पारदर्शक फरशी आणि तिच्या खाली चकाकणारी मोठी परात. आमचे पेटीवाले बुवा एकाच पट्टीत भजन ओढत होते आणि मी काकूंना दहा आकडे मोजून दाखवत होतो. शांतताच मारली मी. शिवाय त्यांच्याकडे प्रश्न तपासायला माणसं होती, आमच्याकडे मी आणि रात्रीचा दीड.

हे सगळं कंपनीने कागदावर उतरवलं, सेट कसा, दिवा कधी, टॅरंट काय म्हणतो, आणि शंभरावर देशांत ती वही विकली. अट एकच, बदल करायचा नाही. अमिताभ पण हो म्हणायच्या आधी लंडनला जाऊन तिथला सेट बघून आले. एक गंमत सांगतो, ही माझी लाडकी आहे. ब्रिटिश शिडी बघा, १००, २००, ३००, ५००, १,०००, पुढे ३२,०००, ६४,०००, १,२५,०००, आणि शेवटी दहा लाख पाउंड. आपली पहिली शिडी काय होती? हजार, दोन हजार, तीन हजार, पाच हजार, पुढे ३,२०,०००, ६,४०,०००, १२,५०,०००, एक कोटी. प्रत्येक पायरीला एक शून्य जास्त, बाकी शिडी तीच. आणि त्या शिडीवरून हर्षवर्धन नवाथे, मुंबईत यूपीएससीचा अभ्यास करणारा आपला मुलगा, ऑक्टोबर २००० मध्ये कोटीला पोचला. ब्रिटनमध्ये जुडिथ केपल पहिली मिलियनेअर झाली ती त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये. म्हणजे ज्यांची वही त्यांच्याआधी आपला पोरगा पास.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, म्हणजे मी जाहीर केलेला विषय, 'फॉरमॅटची मालकी कुणाची', फॉरमॅट म्हणजे खेळाचा साचा, तो आता दहा मिनिटांत. चूक माझीच, काकूंनी वेळ खाल्ला.

तर पटापट. खेळाच्या कल्पनेवर कायद्याने मालकी मिळणं फार अवघड. ह्यूई ग्रीन नावाच्या इंग्रज टीव्हीवाल्याने आपला 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' हा शो न्यूझीलंडमध्ये उचलला म्हणून दावा लावला, १९८९ ला थेट प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे लंडनच्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टात, हरला. म्हणजे आमचं मंडळ बहुधा सुटलं असतं. म्हणून सेलाडॉरने वही, नाव, संगीत, सेट यांचा असा गठ्ठा बांधला की विकत घेणं नक्कल करण्यापेक्षा सोपं पडावं.

कंपनीने मार खाल्ला तो भलतीकडे. अमेरिकेत १९९९ ला एबीसीवर शो तुफान चालला, करार निम्म्या नफ्याचा. पण एबीसी डिस्नीची, आणि शो बनवणारी कंपनी पण डिस्नीचीच. भाऊ भावाला ज्या भावात पडला त्याच भावात माल विकतो, मग नफा कुठला? हिशेबाच्या वहीत शून्य. सेलाडॉर २००४ ला कोर्टात गेली, २०१० ला ज्युरीने सुमारे २७ कोटी डॉलर द्यायला लावले, २०१२ ला अपिलातही ते टिकलं. बँकेत असतो तर हा ताळेबंद मी ट्रेनिंगला लावला असता.

मेजर चार्ल्स इंग्रॅम आणि खोकल्याची केस सांगायची राहिली, हा ब्रिटिश शोमधला स्पर्धक, साथीदार खोकून त्याला बरोबर उत्तर सुचवायचा. सप्टेंबर २००१ चं रेकॉर्डिंग, टेपवर १९२ खोकले, त्यातले १९ कामाचे, २००३ ला शिक्षा. पण वाक्य पुरं करतो, विकास स्वरूप यांना कादंबरी सुचली त्यात या केसचा हात होता, आणि त्या कादंबरीवर 'स्लमडॉग मिलियनेअर' काढला कुणी, तर सेलाडॉर फिल्म्सनेच. आठ ऑस्कर, २००९. तोवर खेळ त्यांच्या हातात राहिलाच नव्हता, २००६ ला टूवेट्रॅफिक या डच कंपनीला विकला, २००८ ला ती कंपनी सोनीने घेतली. म्हणून सचिन खेडेकरांनी मराठीत विचारलेले प्रश्न पण शेवटी त्याच शिडीवरचे. पुढे सेलाडॉरने इंग्लंडमधली छोटी छोटी रेडिओ स्टेशनं चालवली, २०१९ ला ती पण बावर कंपनीला दिली.

दुसरी चिठ्ठी. 'चहा गार होतोय.' झालं, थांबतो. दोन प्रश्न घेऊ. नाना, तुमचा हात मघापासून वर आहे, विचारा, फक्त चंद्रभागेबद्दल नको.