सामाईक भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

घराच्या कागदपत्रांत एक शब्द कधी ना कधी भेटतोच: सामाईक भिंत. दोघांची असते आणि एकट्या कुणाचीच नसते. आज मी तुम्हाला अशाच एका भिंतीची गोष्ट सांगणार आहे. ही भिंत आहे लंडनमध्ये, मेफेअर भागातल्या ब्रूक स्ट्रीटवर, २३ आणि २५ नंबरच्या घरांच्या मध्ये. २४ कुठे गेला म्हणाल, तर तिकडे रस्त्याच्या एका अंगाला विषम आकडे असतात आणि दुसऱ्या अंगाला सम.

दोन्ही घरं विटांची, अरुंद आणि उभी. १७२०च्या सुमाराला हा भाग नव्यानं वसत होता. बांधकाम करणारे आधी घरं उभी करायचे आणि मग भाडेकरू शोधायचे. हा धंदा आपल्याला काही नवा नाही. १७२३ साली २५ नंबरच्या कोऱ्या घरात एक अडतीस वर्षांचा जर्मन संगीतकार राहायला आला, जॉर्ज फ्रीडरिक हॅंडल. चार वर्षांनी तो ब्रिटिश नागरिक झाला, पण घर त्यानं शेवटपर्यंत भाड्यानंच ठेवलं. १७५९ मध्ये त्याचा मृत्यूही याच घरात झाला.

आता जरा रस्त्याच्या पलीकडे उभे राहू आणि घराचं तोंड पाहू. साधंच वाटतं ना? पण हा साधेपणा कुणा कलावंताला सुचलेला नाही, तो आगीच्या भीतीतून आला आहे. १६६६ मध्ये लंडन जळलं. पुढच्याच वर्षी कायदा आला: घरं विटांची किंवा दगडाचीच बांधायची आणि शेजारच्या घराशी असलेली भिंत ठरावीक जाडीचीच हवी. १७०७ मध्ये छपराखालच्या नक्षीदार लाकडी वळचणींवर बंदी आली, कारण आग त्यांच्यावरूनच एका घरातून दुसऱ्यात धावायची. म्हणून पुढची भिंत छपराच्याही वर चढली आणि छप्पर कठड्यामागे लपलं. १७०९ मध्ये खिडकीची लाकडी चौकटही भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत घ्यायला सांगितलं. सगळ्यांनी हे लगेच पाळलं असं मुळीच नाही. पण आपल्याला ते तोंड देखणं वाटतं ते याच चार इंचांमुळे. आत गेलेल्या खिडकीवर सावली पडते आणि सपाट भिंतीला खोली येते.

विटांची मात्र एक गंमत आहे. एकाच थरात एक वीट लांब बाजूनं दिसते, पुढची आखूड बाजूनं, मग पुन्हा लांब. आखूड दिसणारी वीट भिंतीत आरपार शिरून आतल्या विटांना बांधून ठेवते, असं आपण समजतो. पण त्या काळी लंडनमध्ये दर्शनी वीट महाग होती आणि आतली स्वस्त. मग बरेच गवंडी आखूड दिसणारी वीट चक्क अर्धी तोडून लावायचे! बाहेरून रचना पक्की, आतून दोन पापुद्रे एकमेकांना जेमतेम चिकटलेले. पुढे अशा कित्येक भिंतींना पोट आलं. जुनी घरं दुरुस्त करणारे लोक अजून त्या गवंड्यांच्या नावानं बोटं मोडत असतील.

आत शिरल्यावर आपल्या वाड्याची सवय असलेला माणूस चौक शोधतो. चौक नाही. प्रत्येक मजल्यावर रस्त्याकडे एक मोठी खोली, मागे एक लहान, त्याहून मागे एक चिमुकली कोठी आणि बाजूनं जिना. चुली भिंतीत असत आणि धुराड्यांची रांग वर जाई. तळघरात स्वयंपाकघर, वरच्या टोकाला नोकरमाणसं. हॅंडलचं राज्य मधल्या मजल्यांवर होतं. पहिल्या मजल्याच्या पुढच्या खोलीत गायकांच्या तालमी व्हायच्या, मागच्या छोट्या खोलीत तो लिहायचा. १७४१च्या उन्हाळ्यात ‘मेसाया’, ही त्याची गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी धार्मिक संगीतरचना, अवघ्या चोवीस दिवसांत तिथंच लिहून झाला. त्याच्या मृत्यूनंतर सामानाची यादी करण्यात आली. दोनशेहून जास्त वर्षांनी खोल्या पुन्हा सजवताना ती यादी फार उपयोगी पडली.

मधल्या काळात घराचे हाल झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तळमजल्याचं तोंड फोडून तिथं दुकान काढलं गेलं. २००१ साली वरच्या मजल्यांवर संग्रहालय सुरू झालं, पण पाहुण्यांना आत जायचं ते मागच्या बोळातून. तळमजल्याला जुनं रूप परत मिळालं आणि समोरचं दार उघडलं ते थेट २०२३च्या मे महिन्यात. २५ नंबर आज इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या सर्वांत वरच्या श्रेणीत आहे.

आणि भिंतीपलीकडे?

१९६८ मध्ये २३ नंबरच्या वरच्या मजल्यावर एक तरुण अमेरिकन राहायला आला. त्याच्या मैत्रिणीनं वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून ही जागा घेतली होती. त्याचं नाव जिमी हेंड्रिक्स, इलेक्ट्रिक गिटारचा जादूगार. बैठकीची आणि झोपायची खोली एकच. जवळच्याच ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मोठ्या दुकानातून त्यानं पडदे आणि गालिचे आणले. हे आपलं पहिलं खरंखुरं घर, असं तो म्हणायचा. तिथं तो थोडेच महिने राहिला, १९७० मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेलाही.

आता संग्रहालय दोन्ही घरांत मिळून आहे. हॅंडलच्या बाजूनं चढत गेलात तर हेंड्रिक्सच्या खोलीपर्यंत पोचता. सामाईक भिंत आजही जागेवर आहे, पण ती ओलांडायला आता रस्त्यावर उतरावं लागत नाही. आपल्या शेजारी कोण राहून गेलं, हे कळल्यावर हेंड्रिक्स जवळच्या दुकानात गेला होता आणि हॅंडलच्या संगीताच्या तबकड्या विकत घेऊन आला होता. त्यांत ‘मेसाया’ही होता.

नमस्कार.