सोडणातलं ऑर्किड

नमस्कार श्रोतेहो.

ऑर्किड घरी आणलं की आपला हात आधी मातीकडे जातो. सवयच ती! पण आपली सीतेची वेणी आठवा. आंब्या-फणसाच्या खोडाला बिलगून वाढते, पावसाच्या तोंडावर फुलते आणि मातीला शिवतही नाही. (ती झाडावरून ओरबाडून मात्र आणू नका हं.) तिच्या मुळांवर स्पंजासारखं पांढुरकं आवरण असतं. ते पावसात पाणी पितं आणि वाऱ्यावर सुकतं. सुकायला मिळालं नाही, तर मूळ कुजतं. म्हणून कुंडीत जे भराल त्याने ओल धरावी, पण हवा अडवू नये.

यासाठी स्फॅग्नम शेवाळ मिळतं, ते न्यूझीलंड नाहीतर चिलीहून येतं. पूर्वी वृक्षनेच्यांचे तंतू वापरत. पण हे नेचे फार सावकाश वाढतात, आणि त्यांच्या परदेशी व्यापारावर आता साइट्स या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. परसात सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालींचा, ढीग असताना दूरदेशीचं शेवाळ विकत घेणं माझ्या तरी जिवावर येतं.

सोडण थेट वापरू नका, त्यात क्षार असतात. इंचभराचे तुकडे करून बादलीत भिजवा आणि रोज पाणी बदला. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघेल. ते फिकं पडेपर्यंत थांबा. मी एकदा घाई केली होती, मुळांची टोकं काळी पडली. आणि कोकोपीट नको. तो भुसा घट्ट बसतो, हवा कोंडते.

पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत सोडणावर भागतं. कोकणात चार महिने ते सुकतच नाही. तिथे सोडण मूठभरच घ्या, बाकी लाकडाचा लोणारी कोळसा आणि फुटक्या कौलांचे तुकडे. घरावर स्लॅब पडला की उतरवलेली मंगलोरी कौलं मागीलदारी पडून असतातच. कौल कुजत नाही, बेताची ओल धरतं. कोळसा मात्र खताचे क्षार धरून ठेवतो, म्हणून महिन्यातून एकदा कुंडीतून नुसतं पाणी भरपूर सोडा.

दोन-तीन वर्षांनी सोडण बोटाने दाबलं तर चुरा होतो. मग नवी मुळं फुटताना कुंडी बदला. कौलं धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा घ्या. आणि कुजलेलं सोडण? ते माडाच्या आळ्यात.