मान चाचपून बघतो ती कशासाठी?

श्रोतेहो, नमस्कार. निफाड, दिंडोरीकडची माणसं गालातली जखम दाखवायला तोंड उघडतात आणि आम्ही डॉक्टर मान चाचपत बसतो. त्यांना ते विचित्र वाटतं. पण तोंडातला कर्करोग पुढे सरकला की नाही, ते मानेतच कळतं.

शरीरात सुमारे ८०० लसिकाग्रंथी, म्हणजे जंतू आणि रोगाचे कण अडवणाऱ्या बारीक गाठी, असतात. त्यांतल्या तीनेकशे एकट्या मानेत. दाढ किडली, घसा आला की त्या सुजतात. अवधाण येतं, दुखतं, पंधरा दिवसांत बसतं. कर्करोगाची गाठ टणक असते, वाढत जाते आणि सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो, तंबाखूचा बार चालूच, आणि छाटणीचा हंगाम उरकून बघू म्हणतो. घात होतो तो इथे.

आम्ही मानेचे भाग पाडून त्यांना आकडे दिलेत. हनुवटी आणि जबड्याखालचा पहिला. तिथून मागे, मोठ्या शिरेच्या कडेने वरून खाली दुसरा, तिसरा, चौथा. त्यांच्याही मागचा पाचवा, कंठापाशी सहावा. गाल, हिरडी, जीभ इथला रोग बहुतेकदा पहिल्या तिन्हींत उतरतो. जिभेचा मात्र लबाड, कधी मधले टप्पे गाळून थेट चौथ्यात जातो. म्हणून गाठ कुठे आहे यावरून मूळ कुठे शोधायचं ते ठरतं. गाठ आधीच कापून काढायची घाई करू नका. तोंड-घसा नीट तपासून घ्या, सुईने पेशी काढून तपासता येतात.

आता नेहमीचा प्रश्न. मानेत गाठ लागतच नाही, मग मानेचं ऑपरेशन कशाला? मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने २०१५ साली याचं उत्तर दिलं. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेतल्या ग्रंथी त्याच वेळी काढल्या, त्या गटातले ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात साडेसदुसष्ट. हाताला न लागणारे रोगाचे कण आत असू शकतात, म्हणून हे ऑपरेशन.

खांद्याला जाणारी एक नस याच भागातून जाते. ती वाचवली तरी काही दिवस हात वर उचलत नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली पुन्हा काम जमेल का, असं बायका हमखास विचारतात. बहुतेकींना जमतं, पण फिजिओथेरपीचे व्यायाम टाके निघाल्यावर लगेच सुरू करावे लागतात.