रात्रपाळीनंतरची रिक्षा

नमस्कार श्रोतेहो.

सकाळचे आठ वाजलेत. चार नंबरच्या कॉटचं सलाइन किती उरलंय, सात नंबरच्या आजोबांची शुगर रात्री कितीवर गेली, हे सगळं पुढच्या पाळीला सांगून सिस्टर वॉर्डाबाहेर पडतात. पाय भरून आलेले असतात. मुंबईत असतील तर रिक्षाला हात करतात. 2016 साली या रिक्षाचं किमान भाडं 18 रुपये होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये ते 26 झालं.

2016 हे साल मी मुद्दाम धरलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने त्याच वर्षी सांगितलं, की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान 20 हजार मिळावेत. अनेकींना तेवढेही मिळाले नाहीत. पण ज्यांना मिळाले आणि ज्यांचा पगार तिथेच थांबला, त्यांचा हिशेब करू. तेव्हा त्या पगारात किमान भाड्याच्या 1,111 फेऱ्या होत होत्या. आता 769 होतात. पगारातला एक रुपयाही कुणी कापलेला नाही, तरी साडेतीनशेच्या जवळपास फेऱ्या गेल्या. रिक्षाच्या भाड्यानेच मोजायचं, तर आज त्या 20 हजारांचे जवळजवळ 29 हजार व्हायला हवे होते. डाळ, तेल, मुलांची फी यांचा हिशेब मी अजून काढलेलाच नाही.

सरकारी नोकरीत कायम असलेल्या सिस्टरना महागाई भत्ता असतो. किमतींचा निर्देशांक वाढला, की जानेवारीत आणि जुलैत तो वाढतो. जाहीर व्हायला उशीर होतो, पण थकबाकी मिळते. एकदा मात्र तीही मिळाली नाही. जानेवारी 2020 पासून दीड वर्ष केंद्राने हा भत्ता 17 टक्क्यांवर गोठवला. याच काळात सिस्टर पीपीई किट घालून कोविड वॉर्डात उभ्या होत्या. जुलै 2021 मध्ये भत्ता एकदम 28 टक्के झाला, मधल्या अठरा महिन्यांचे पैसे गेले ते गेलेच. केंद्राच्या स्टाफ नर्सचं सुरुवातीचं मूळ वेतन 44,900 रुपये. तेवढंच धरलं, तरी एकेकीचे 59 हजारांहून अधिक बुडाले. मला हे आजही सलतं.

आणि कंत्राटी सिस्टर? तोच वॉर्ड, तीच इंजेक्शनं, तीच रात्रपाळी. मानधन मात्र ठोक, महागाई भत्त्याचा रकानाच नाही. अकरा महिने संपले, की नवा आदेश हातात पडतो. तारीख नवी असते, आकडा पुष्कळदा जुनाच.

माझं मागणं एका ओळीचं आहे. त्या आदेशात लिहा, की महागाई निर्देशांक जेवढा वाढेल, तेवढं मानधन दरवर्षी आपोआप वाढेल. सिस्टरना त्यासाठी कुणाच्या केबिनबाहेर ताटकळायला लागू नये. रात्रभर त्या उभ्याच असतात.

नमस्कार.