बेगमीचं मीठ

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना लागला की आपल्या कोकणात घरोघरी बेगमीची घाई सुरू होते. रातांबे फोडून मिठात घालायचे, आगळ काढायचं, कैऱ्या खारात टाकायच्या, बांगडे खारवून उन्हात वाळवायचे. एकदा पाऊस लागला की चार महिने यावरच काढायचे. आणि या सगळ्याला मीठ लागतं, तेही चिमूटभर नव्हे, पायलीच्या मापानं.

माझी आजी वेंगुर्ल्याकडची. शिरोड्याची मिठागरं तिनं लहानपणापासून पाहिलेली. भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यांतून फिरवायचं, ऊन आपलं काम करतं, आणि काही दिवसांनी वाफ्याच्या तळाशी पांढरा दाणा धरतो. इतकं साधं. पण इंग्रजी अमलात हे मीठ सरकारच्या परवानगीशिवाय कुणी काढलं, तर तो गुन्हा होता. आजी त्या दिवसांबद्दल सांगताना एकच वाक्य बोलायची, तेही चुलीकडे बघत: "दर्यो आमचो, ऊन आमचा, हात आमचे, मगे मीठ सरकाराचा कसा?"

साम्राज्यं का मोडतात याचा विचार करताना मला हा प्रश्न सगळ्यांत आधी आठवतो. १९३० साली मिठावर मणामागे सव्वा रुपया कर होता. एका माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी काही आणेच येत असतील. गरिबाला तेही जड होतं, हे खरं. १९२३ मध्ये सरकारनं हा कर दुप्पट करून पाहिला होता आणि वर्षभरात तो पुन्हा खाली आणावा लागला. पण आजीच्या प्रश्नात आणे-पैचा हिशेबच नाही. तिचा प्रश्न हक्काचा आहे. कर कमी करा म्हणणारा माणूस अजून रयत असतो. कर बसवणारे तुम्ही कोण, असं तो ज्या दिवशी विचारतो, त्या दिवशी तो मनानं स्वतंत्र झालेला असतो.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींची गोष्ट आठवून बघा. १७७३ साली ईस्ट इंडिया कंपनीचा चहा तिथे आला, तो कर धरूनही चोरट्या चहापेक्षा स्वस्त पडत होता. तरीही १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टन बंदरात लोकांनी ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या. ज्या पार्लमेंटमध्ये आमचा माणूस नाही, त्यानं आमच्यावर कर बसवायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि श्रोतेहो, त्याच कंपनीच्या फौजेनं पुढच्याच वर्षी, १७७४ च्या डिसेंबरात, आपल्या उत्तर कोकणातला ठाण्याचा किल्ला घेतला. इथे मात्र तिचा अंमल वाढतच गेला आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली.

बोस्टननंतरही अमेरिकेतल्या लोकांनी लगेच संबंध तोडले नाहीत. १७७५ मध्ये, लढाई सुरू झालेली असतानाही, त्यांनी राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला. राजानं तो घेतलासुद्धा नाही. वर्षभरात त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. आपल्याकडे अर्जविनंत्यांचा काळ फार लांबला. १८८५ मध्ये काँग्रेस निघाली, ठराव झाले, शिष्टमंडळं गेली. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी स्वराज्य हा शब्द घराघरांत नेला, तरी पूर्ण स्वराज्याचा ठराव व्हायला १९२९ चा डिसेंबर उजाडावा लागला. गांधीजींनी त्यानंतर सरकारपुढे ज्या ११ मागण्या ठेवल्या, त्यांत मीठ होतं, शेतसारा होता, आणि किनाऱ्यावरची जहाजवाहतूक देशी माणसांसाठी राखून ठेवण्याची मागणीही होती. बोटीनं मुंबई गाठणाऱ्या कोकणी माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागली नसेल.

६ एप्रिलला दांडीला कायदा मोडला आणि १२ मे १९३० ला शिरोड्याला सत्याग्रह सुरू झाला. तारीख पाहा. ऐन बेगमीचे दिवस, मिठागरात मीठ तयार. महाराष्ट्रातून सत्याग्रही आले, मिठागरात उतरले. लाठ्या बसल्या, धरपकड झाली, आणि उरलेले पुन्हा उतरले.

आता जरा वर, उरणकडे चला. तिथल्या चिरनेरची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. भातशेती करणाऱ्यांना राब म्हणजे काय ते सांगायला नको. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, तोडलेले टहाळे पसरायचे आणि भाजायचे. मग पावसात तिथं रोप जोमानं येतं. टहाळे येणार कुठून? जंगलातून. आणि १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ते जंगल सरकारी. बापजाद्यांनी ज्या डोंगरावर कोयता चालवला, तिथंच नातू चोर ठरला. दंड, परवाने, गुरं कोंडवाड्यात. दोन पिढ्या लोकांनी हे सोसलं. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आगरी, कोळी, कातकरी माणसं कोयते घेऊन कायदा मोडायला चढली. गोळीबार झाला. गाव आठ हुतात्म्यांची नावं सांगतं. त्यांतलं एक नाव नाग्या कातकरी. ज्या समाजाला जंगलावाचून दुसरं घरच नव्हतं, त्यातला हा जवान पोरगा. त्याचं नाव घेताना आजही माझा आवाज जड होतो.

आणखी एक गोष्ट बोललीच पाहिजे. कोकणातली सगळी गाऱ्हाणी गोऱ्या साहेबाविरुद्ध नव्हती. खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, तर आपलाच होता. अलिबागजवळच्या चरीला १९३३ पासून सहा वर्षं कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले, पण खोतापुढे वाकली नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. ती मोडायचा कायदा झाला तो १९४९ मध्ये, स्वराज्य आल्यावर. त्या कुळांच्या लेखी स्वातंत्र्य दोन वर्षं उशिरा आलं, असं मी मानतो.

मिठाचं पुढे काय झालं? १९३१ च्या मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला आणि जिथे मीठ पिकतं, त्या गावांतल्या लोकांना घरच्यापुरतं मीठ घेण्याची मोकळीक मिळाली. आजी सांगायची, त्या उन्हाळ्यात तिची आई डोक्यावर टोपली घेऊन मिठागराकडून आली ती भर दुपारी, मधल्या वाटेनं, लोकांच्या देखत. एरवी ती वाट चुकवून यायची. खुद्द कर मात्र उठला तो १९४७ च्या एप्रिलपासून. मग मे आला, रातांबे पिकले, बांगडे वाळत पडले. पंधरा ऑगस्टला अजून तीन महिने होते, पण त्या वर्षीच्या बरण्यांत पडलेलं मीठ बिनकराचं होतं.

नमस्कार.