पडण्याची विद्या शिकलेला माणूस: बस्टर कीटन

नमस्कार, श्रोतेहो.

साधारण एकशे वीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या गावोगावच्या रंगमंचांवर एक कुटुंब खेळ करायचं. आई, वडील आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा. मुलाच्या कोटाला पाठीमागे सुटकेसची मूठ घट्ट शिवलेली असायची. खेळाचा विषय एवढाच, की मुलगा ऐकत नाही आणि बाप त्याला वळण लावू पाहतो. पोरगं जास्तच आगाऊपणा करायला लागलं, की बाप त्या मुठीला धरून त्याला उचलायचा आणि सरळ फेकून द्यायचा. कधी मागच्या पडद्यावर, तर कधी रंगमंचापुढे वादक बसतात त्या खड्ड्यात. मुलगा पडायचा, उठायचा, कपडे झटकायचा आणि पुन्हा बापाच्या अंगावर धावून जायचा. प्रेक्षकांची हसून हसून मुरकुंडी वळायची.

या मुलाचं नाव जोसेफ फ्रँक कीटन. जन्म ४ ऑक्टोबर १८९५चा, कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या लहानशा गावातला. घरातले त्याला बस्टर म्हणायचे आणि पुढे सगळं जग त्याला याच नावाने ओळखू लागलं. मूकपटांच्या जमान्यातले विनोदवीर म्हटलं की आपल्याकडे चार्ली चॅप्लिनचं नाव शाळकरी मुलंही घेतात. कीटनचं नाव मात्र सिनेमाचं वेड असलेल्या मंडळींच्या पलीकडे फारसं पोचलं नाही, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणूनच आज त्याच्याविषयी बोलायचं ठरवलं आहे.

लहानपणीच्या त्या खेळाबद्दल ऐकताना आज आपण अस्वस्थ होतो, आणि व्हायलाच हवं. तेव्हाही न्यूयॉर्कमधली मुलांच्या संरक्षणासाठी झटणारी संस्था त्याच्या वडिलांच्या मागे लागली होती. पोराच्या अंगावर मार आहे का, हाड मोडलं आहे का, याची अधिकाऱ्यांपुढे तपासणीसुद्धा झाली. आपल्याला कधी लागलं नाही, असं कीटन म्हातारपणापर्यंत सांगत राहिला. कसं पडायचं, कुठला स्नायू सैल सोडायचा, हात कधी टेकायचा, हे त्याला अक्षरओळख होण्याच्या वयातच अंगवळणी पडलं होतं. आणखी एक गोष्ट त्याला तिथेच कळली. पडल्यावर आपण हसलो की लोक हसायचे थांबतात. आपण गंभीर राहिलो की ते दुप्पट हसतात. पुढे आयुष्यभर पडद्यावर त्याने जो निर्विकार चेहरा ठेवला, ज्याला लोक दगडी चेहरा म्हणू लागले, तो असा प्रेक्षकांनीच घडवला होता.

वडिलांचं दारूचं व्यसन वाढलं, रंगमंचावरची फेकाफेक धोक्याची होऊ लागली आणि १९१७ साली हा कौटुंबिक खेळ बंद पडला. एकविशीतला बस्टर न्यूयॉर्कला आला. आठवड्याला अडीचशे डॉलरचं रंगमंचावरचं काम ठरलेलंच होतं. तेवढ्यात त्याला रॉस्को आर्बकल भेटला. आर्बकल त्या वेळचा फार मोठा विनोदी नट, आणि स्वतः दिग्दर्शकही. त्याने बस्टरला स्टुडिओत बोलावलं. बस्टरला अभिनयापेक्षा जास्त कुतूहल होतं कॅमेऱ्याचं. आत फिल्म कशी सरकते, तुकडे कसे जोडतात, हे त्याने खोलात शिरून बघितलं आणि अडीचशे डॉलरचं काम सोडून आठवड्याला चाळीस डॉलरवर तो सिनेमात राहिला. मधलं एक वर्ष पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये सैनिक म्हणून गेलं. तिथे कानाला संसर्ग झाला आणि ऐकू येणं कायमचं थोडं कमी झालं.

१९२० साली निर्माता जोसेफ शेंक याने त्याला स्वतःचा स्टुडिओ दिला. तिथला त्याचा पहिला प्रदर्शित झालेला लघुपट म्हणजे 'वन वीक'. नुकतं लग्न झालेल्या जोडप्याला भेट म्हणून खोक्यांत भरलेलं सुटं घर मिळतं. आकडे बघत बघत जोडायचं घर. बायकोचा जुना चाहता खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. झालं! घर उभं राहतं ते वेडंवाकडंच. वादळ आल्यावर ते स्वतःभोवतीच गरगर फिरायला लागतं. शेवटी दुसऱ्या जागेवर ओढून नेताना ते आगगाडीच्या रुळांवर अडकतं. समोरून गाडी येते. दोघं डोळे मिटून घेतात आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. दोघांच्या जिवात जीव येतो, आपल्याही, आणि त्याच क्षणी उलट्या दिशेने आलेली दुसरी गाडी घराचा चक्काचूर करून जाते. कीटन काय करतो? त्या ढिगाऱ्यावर 'विकणे आहे'ची पाटी लावतो, जोडणीच्या सूचनांचा कागदही ठेवतो आणि बायकोचा हात धरून चालू लागतो. चोवीस वर्षांचा होता तो तेव्हा.

त्याची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. लिहिलेली पटकथा नसायची. कथेची सुरुवात आणि शेवट हाताशी असला की मधलं आपोआप जुळत जातं, असं त्याचं म्हणणं. एखाद्या जागी गाडं अडलं की सगळी मंडळी काम थांबवून बेसबॉल खेळायची आणि खेळता खेळता कुणाला तरी उपाय सुचायचा. मूकपटात संवाद आणि मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावरच्या पाट्या तो जितक्या कमी करता येतील तितक्या करायचा. आणि कसरतीचं दृश्य असलं की कॅमेरा लांब उभा करायचा, मध्ये कात्री नाही. उडी मारणारा माणूस आणि ज्यावरून उडी मारली ती गच्ची, दोन्ही एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. इथे काही लबाडी नाही, हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. माझ्या मते कीटनच्या विनोदाचं सगळं बळ या प्रामाणिकपणात आहे. चॅप्लिनकडे आपण चेहऱ्यासाठी बघतो. कीटनकडे बघताना आपण तो माणूस आणि त्याच्याभोवतीचं जग, असं दोन्ही एकदम बघतो.

या प्रामाणिकपणाची किंमतही त्याने मोजली. १९२४च्या 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये तो धावत्या मालगाडीच्या टपावरून पळत येतो आणि इंजिनात पाणी भरण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळतो. नळ खाली येतो, पाण्याचा लोंढा त्याच्यावर कोसळतो, तो रुळावर आपटतो, उठतो आणि पळत सुटतो. त्यानंतर काही दिवस त्याचं डोकं भयंकर दुखत राहिलं, पण काम चालूच. कित्येक वर्षांनी वेगळ्याच कारणासाठी एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, तुमची मान कधी मोडली होती? ती तेव्हाच मोडली होती. चित्रपटात तेच दृश्य आहे.

आता 'द जनरल'. १९२६ साली तयार झालेला हा चित्रपट मी त्याची सर्वांत मोठी कामगिरी मानतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६२ साली, उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेचं एक रेल्वे इंजिन खरोखरच पळवलं होतं. त्यावर ही कथा बेतली आहे. नायक जॉनी ग्रे इंजिन ड्रायव्हर. सैन्यात त्याला घेत नाहीत, कारण ड्रायव्हर म्हणून त्याचा जास्त उपयोग आहे, पण हे कारण त्याला कुणी सांगतच नाही. प्रेयसी त्याला भित्रा समजते. खिन्न होऊन तो इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन हळूच सुरू होतं आणि दांडा त्याला घेऊन वर-खाली, वर-खाली जाऊ लागतो. आपल्याच दुःखात बुडालेल्या जॉनीला याचा पत्ताच नाही. हे दृश्य चित्रित करणं जिवावरचं होतं. वाफ जरा जास्त सुटून चाकं जागच्या जागी फिरली असती, तर दांड्याने त्याला भिरकावून दिलं असतं.

पुढे पाठलागात तो इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलेला असतो, मांडीवर लाकडाचा एक भला मोठा स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवा घालतात तो ओंडका. समोर रुळावर शत्रूने दुसरा स्लीपर आडवा टाकलेला. इंजिन चालूच. तो हातातला स्लीपर नेमका समोरच्याच्या टोकावर आपटतो आणि दोन्ही उडून बाजूला पडतात. नेम चुकला असता तर इंजिन घसरलं असतं. हे सगळं त्याने स्वतः केलं.

ऑरेगन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ हे चित्रीकरण झालं. तिथल्या नदीवर लाकडी पूल बांधला, तो पेटवला आणि त्यावरून खरंखुरं इंजिन नेऊन पुलासकट नदीत कोसळवलं. दुसऱ्यांदा घेण्याची सोय नव्हती. त्या एका दृश्याचा खर्च ४२,००० डॉलर सांगतात. मूकपटांच्या काळातलं सर्वांत महागडं दृश्य म्हणून त्याची नोंद होते. ते इंजिन दुसऱ्या महायुद्धापर्यंत नदीतच पडून होतं, मग भंगारात गेलं. चित्रपटाचा नायक दक्षिणेचा, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूचा, आणि गुलामगिरीचा प्रश्न चित्रपट चक्क टाळतो. हे आज बघताना खटकतं, आणि ते सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. त्या वेळी चित्रपट पडला तो मात्र वेगळ्याच कारणांनी. खर्च अफाट झाला होता, समीक्षकांना तो कंटाळवाणा वाटला आणि प्रेक्षकही फिरकले नाहीत. १९८९ साली अमेरिकेने जतन करायच्या चित्रपटांची राष्ट्रीय यादी सुरू केली, तेव्हा पहिल्याच तुकडीत 'द जनरल'चं नाव होतं.

यानंतरचं एक दृश्य तुमच्यापैकी काहींनी मोबाइलवर नक्की पाहिलं असेल. वादळात घराची अख्खी भिंत एका माणसावर पडते आणि माडीवरच्या उघड्या खिडकीच्या जागेतून तो सहीसलामत वाचतो. तो चित्रपट म्हणजे १९२८चा 'स्टीमबोट बिल ज्युनियर'. भिंत खरी होती, वजन दोनेक टन. खिडकीची चौकट त्याच्या खांद्यांपासून काही इंचच दूर. पाय कुठे ठेवायचे ती जागा आधी आखून ठेवलेली. वीतभर इकडे तिकडे झालं असतं तर सगळं संपलं असतं. चित्रीकरणाच्या वेळी तिथल्या काही जणांना बघवेना, त्यांनी तोंड फिरवलं. कीटन नुसता उभा राहिला.

त्याच सुमारास शेंकने स्वतंत्र स्टुडिओ बंद करायचं ठरवलं आणि कीटनला एमजीएम या बड्या कंपनीकडे जायला सांगितलं. चॅप्लिनने आणि त्या काळच्या हॅरॉल्ड लॉइड या दुसऱ्या मोठ्या विनोदवीराने त्याला जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. तो गेला. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं.

इथे मला एक गैरसमज खोडून काढायचा आहे. बोलपट आले आणि कीटन संपला, असं सर्रास लिहिलं जातं. हे खरं नाही. तो रंगमंचावर वाढलेला, बोलण्याची त्याला भीती नव्हती, आवाज भरदार आणि खरखरीत. उलट १९२९चा 'स्पाइट मॅरेज' बोलपट करावा अशी त्याचीच इच्छा होती आणि कंपनीने नकार दिला. त्याचं नुकसान केलं ते कारखान्याच्या शिस्तीने. आधी पटकथा मंजूर, मग अंदाजपत्रक मंजूर, प्रत्येक दृश्य कागदावर हवं, धोक्याची कसरत करायची नाही. थांबून विचार करायला वेळ नाही, बेसबॉल नाही, त्याची जुनी माणसंही पांगली. त्याला जिमी ड्युरांट या अखंड बडबड करणाऱ्या नटाशी जोडून दिलं. ते चित्रपट चांगले चालले, म्हणून कंपनीला काही बिघडलंय असं वाटलंच नाही. तो मात्र दारूत बुडाला. १९३२ला घटस्फोट झाला, दोन्ही मुलगे आईकडे गेले आणि त्यांचं आडनावसुद्धा बदललं गेलं. १९३३ला कंपनीने त्याला काढून टाकलं. पुढे तीच कंपनी त्याला इतरांच्या चित्रपटांसाठी विनोद सुचवण्याच्या किरकोळ पगारावर ठेवणार होती.

१९४० साली त्याने एलिनॉर नॉरिस या तरुण नर्तिकेशी लग्न केलं आणि या लग्नाने त्याला सावरलं. १९४७ला पॅरिसमधल्या मेद्रानो सर्कशीत त्याने काम केलं. १९४९ला समीक्षक जेम्स एजीने 'लाइफ' मासिकात मूकपटांतल्या विनोदावर गाजलेला लेख लिहिला आणि लोकांना कीटन पुन्हा आठवला. १९५२ला 'लाइमलाइट'मध्ये तो आणि चॅप्लिन एकत्र दिसले. त्याच्या जुन्या बंगल्यात तेव्हा अभिनेता जेम्स मेसन राहत होता, त्याला तिथे कीटनच्या चित्रपटांच्या प्रती सापडल्या. आपल्याकडचे मूकपट किती थोडे हाती लागले हे आठवलं, की त्या प्रतींचं मोल कळतं. १९६० साली त्याला मानद ऑस्कर मिळालं.

१९६५मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, कॅनडाच्या चित्रपट मंडळासाठी त्याने 'द रेलरॉडर' हा लघुपट केला. रुळांवरून धावणाऱ्या छोट्या गाडीतून कॅनडा ओलांडणारा माणूस. उंच पुलावरून जाताना भला मोठा नकाशा उलगडून त्यात गुरफटून जायचं, असं त्याला सुचलं. दिग्दर्शकाला ते धोक्याचं वाटलं. बराच वाद झाला, आणि कीटनने आपलंच खरं केलं. १ फेब्रुवारी १९६६ला फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला.

त्याचे १९२०च्या दशकातले बरेचसे चित्रपट आता इंटरनेटवर मोफत बघायला मिळतात. भाषेची अडचण नाही. आधी 'वन वीक' बघा, वीसएक मिनिटांचा आहे, आणि घरातल्या लहान मुलांना सोबत बसवा. मग एखाद्या रविवारी, मोबाइल बाजूला ठेवून, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर 'द जनरल' लावा.

नमस्कार.